आतल्या माणसांचे शेअर व्यवहार: सॉफ्टवेअर कंपनीबद्दल त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही

पर्वरीकर (धागाकर्ता)

आमच्या पणजी-पर्वरीच्या गुंतवणूकदार मित्रांत एक प्रकार वारंवार घडतो. एखाद्या मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याने शेअर विकल्याची नोंद शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते, तिचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि "आतल्याच माणसाने विकले, मग आपण कशाला बसायचे" असे म्हणत दोघे-तिघे त्याच दिवशी बाहेर पडतात. प्रवर्तकाने, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्या मालकाने, खरेदी केल्याची नोंद आली की तीच मंडळी तितक्याच घाईने आत शिरतात. या नोंदी वाचण्याजोग्या असतात हे मला मान्य आहे. मात्र सॉफ्टवेअर कंपन्यांत विक्रीच्या बहुतेक नोंदी पगाराशी संबंधित असतात, खरेदीच्या मोजक्याच नोंदींना वजन असते आणि हा भेद ज्या रकान्यात लिहिलेला असतो तो सहसा कोणी वाचत नाही, असे माझे मत आहे.

आधी कायद्याची बाजू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. आपल्याकडे "इनसायडर ट्रेडिंग" म्हटले की गुन्हाच डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक मंडळाच्या, २०१५ च्या नियमांनुसार प्रवर्तक, संचालक आणि कंपनीने ठरवलेले ठराविक कर्मचारी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेऊ-विकू शकतात. अप्रकाशित आणि भावावर परिणाम करू शकणारी माहिती हाताशी असताना व्यवहार करायचा नाही, ही मुख्य अट आहे. एका तिमाहीत अशा व्यक्तीच्या व्यवहारांची एकूण किंमत १० लाख रुपयांच्या वर गेली, तर तिने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचे असते आणि कंपनीने पुढच्या दोन ट्रेडिंग दिवसांत शेअर बाजाराला. आपण जे वाचतो ते हेच, "फॉर्म सी" नावाने ओळखले जाणारे निवेदन.

यांखेरीज तीन बंधने आहेत, आणि ती ठाऊक नसतील तर नोंदींचा अर्थ हमखास चुकतो. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे या लोकांना व्यवहार करण्याची मुभा असलेला काळ, बंद असते. विंडो उघडी असतानाही ठराविक मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याची, म्हणजे बहुधा कंपनी सेक्रेटरीची, पूर्वमंजुरी लागते आणि ती जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवस टिकते. तिसरे बंधन असे की आज बाजारातून घेतलेला शेअर सहा महिने विकता येत नाही आणि आज विकला तर सहा महिने घेता येत नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. पूर्वमंजुरी मागताना "माझ्याकडे कोणतीही अप्रकाशित माहिती नाही" असे लिहून द्यावे लागते. म्हणजे कायदेशीर व्यवहारामागे गुप्त बातमी असणे हेच मुळात नियमाविरुद्ध आहे. मग त्यातून आपल्याला मिळते काय? माझ्या मते मिळतो तो केवळ अंदाज: ज्याने हा धंदा वर्षानुवर्षे जवळून पाहिला आहे, त्याला आजचा भाव स्वस्त वाटतो की महाग. हा अंदाज मोलाचा असू शकतो, परंतु पुढच्या तिमाहीच्या निकालाची चाहूल म्हणून तो वाचणे चूक आहे. सभासदांनी आपापली मते मांडावीत.

वेर्णा_शिफ्ट

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि माझ्याकडे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या दराने कंपनीचे शेअर घेण्याचे कर्मचाऱ्याला मिळणारे हक्क, आहेत, म्हणून विक्रीच्या बाजूचे गणित मांडतो. ते एकदा पाहिले की अधिकाऱ्यांच्या विक्रीच्या नोंदींकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

समजा एका व्यवस्थापकाला दर शेअरला १० रुपये या दराने ५,००० शेअर घेण्याचा हक्क आहे आणि बाजारभाव १,२०० रुपये आहे. तो हक्क ज्या दिवशी वापरेल, त्या दिवशी बाजारभाव आणि त्याने भरलेला दर यांतील फरक, म्हणजे ५९ लाख ५० हजार रुपये, त्याच्या पगारात धरला जातो. शेअर विकलेला नाही, हातात रोकड आलेली नाही, तरीही कर लागू होतो. बाकीचा पगार धरून त्याचे उत्पन्न ५० लाख ते १ कोटीच्या दरम्यान असेल, तर ३० टक्के दर, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून या रकमेवर साधारण २० लाख ४० हजार रुपये कर बसतो. कंपनी तो उगमातच कापते, त्यामुळे एवढे पैसे कुठून तरी उभे करावेच लागतात. बहुतेक जण सुमारे १,७०० शेअर विकून ते उभे करतात.

आता बाहेरून काय दिसते? "वरिष्ठ अधिकाऱ्याने २० लाखांचे शेअर विकले." प्रत्यक्षात त्या महिन्यात त्याच्याकडचे शेअर ३,३०० ने वाढलेले असतात. निवेदनात हक्क वापरल्याची नोंद वेगळ्या ओळीत आणि "ईसॉप" या मार्गाखाली असते, पण चित्र फिरते ते विक्रीच्या ओळीचे.

आणखी एक. आमच्याकडे हक्क वापरण्याची लाट निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत येते, कारण विंडो तेव्हाच उघडते. त्यामुळे एकाच आठवड्यात सात-आठ अधिकाऱ्यांच्या विक्रीच्या नोंदी दिसल्या म्हणजे सगळे मिळून पळत आहेत असा अर्थ होत नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, पर्वरीला घेतलेली सदनिका अशी कारणेही असतातच. ज्याचा पगार, बोनस आणि शेअर हे सगळे एकाच कंपनीवर अवलंबून आहे, त्याने थोडे विकून दुसरीकडे ठेवणे हा शहाणपणाच म्हणावा लागेल.

जुना_भागधारक (मडगाव)

वेर्णा_शिफ्ट यांचे गणित बरोबर आहे, परंतु "विक्री म्हणजे पगार" असे म्हणून सगळ्या विक्रीवर पांघरूण घालणे मला धोक्याचे वाटते. ज्यांनी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या घोटाळ्याच्या काळात पैसे गमावले, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

सत्यमच्या प्रवर्तकांचा वाटा २००१ मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास होता आणि २००८ पर्यंत तो ९ टक्क्यांच्याही खाली आला. ही घसरण कोणत्याही एका दिवसात झाली नाही, म्हणून तिची बातमीही झाली नाही. दर तिमाहीला प्रसिद्ध होणारे भागधारणेचे तक्ते एकाखाली एक ठेवून पाहणाऱ्यालाच ती दिसली असती. उरलेल्या वाट्यातील शेअरही सावकारांकडे तारण होते आणि भाव कोसळल्यावर सावकारांनी ते विकायला काढले. १६ डिसेंबर २००८ ला प्रवर्तकांच्याच कुटुंबाच्या मायटास कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला गेला आणि गुंतवणूकदारांच्या संतापामुळे लगेच मागे घेतला गेला. पुढे ७ जानेवारी २००९ चे ते पत्र आले, ज्यात ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली होती.

त्याच पत्रात सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी असेही लिहिले होते की आठ वर्षांत आपण किंवा व्यवस्थापकीय संचालकांनी, परोपकारासाठी जाहीरपणे विकलेला अल्प भाग सोडल्यास, एकही शेअर विकलेला नाही. पुढे २०१४ मध्ये सेबीने त्यांच्यासह पाच जणांना १४ वर्षे बाजारातून बाद केले आणि १,८४९ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. रकमेवरून नंतर अपिले झाली, तो भाग वेगळा. सांगायचे एवढेच, की प्रवर्तक स्वतः काय म्हणतो यापेक्षा तक्ता काय म्हणतो ते पाहावे.

पर्वरीकर (धागाकर्ता)

आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही असे मला वाटते. सत्यममध्ये खरा इशारा दोन ठिकाणी होता: अनेक वर्षे एकाच दिशेने सरकणारा प्रवर्तकांचा वाटा आणि तारण. पहिला भागधारणेच्या तक्त्यातून कळत होता. दुसरा मात्र त्या वेळी जाहीर करणे सक्तीचेच नव्हते. सेबीने प्रवर्तकांच्या तारण शेअरची माहिती देणे बंधनकारक केले ते सत्यम उघडकीस आल्यानंतर, जानेवारी २००९ मध्येच. आज ती माहिती कोणालाही पाहता येते, आणि सॉफ्टवेअर कंपनीत ती आवर्जून पाहावी, असे मी म्हणेन. पोलाद किंवा सिमेंटच्या कारखानदाराला विस्तारासाठी भांडवल लागते, त्यामुळे त्याने शेअर तारण ठेवणे एक वेळ समजू शकते. सॉफ्टवेअर सेवा कंपनीला यंत्रसामग्री फारशी लागत नाही आणि तिच्याकडे रोकड साठत जाते. अशा कंपनीच्या प्रवर्तकाला स्वतःचे शेअर गहाण टाकून कर्ज काढावे लागत असेल, तर तो पैसा कुठे जातो आहे हे विचारायलाच हवे.

म्हणून माझ्या लेखी तारण वाढल्याची एक नोंद अधिकाऱ्यांच्या विक्रीच्या वीस नोंदींहून जड आहे.

आबोली

माझा प्रश्न अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांविषयी आहे. माझे यजमान अशा एका कंपनीच्या भारतीय शाखेत आहेत आणि त्यांना दरवर्षी शेअर मिळतात. तिथल्या अधिकाऱ्यांच्या विक्रीच्या बातम्या तर दर आठवड्याला असतात आणि आकडे लाखो डॉलरचे असतात. त्या कशा वाचाव्यात?

हिशेबनीस_फोंडा

आबोलीताई, अमेरिकेतील निवेदने आपल्याकडच्यापेक्षा वाचायला सोपी आहेत, कारण तिथे प्रत्येक व्यवहारापुढे एक अक्षर असते. संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि १० टक्क्यांहून अधिक वाटा असलेले भागधारक यांनी व्यवहारानंतर दोन कामकाजी दिवसांत "फॉर्म ४" भरायचा असतो. ही दोन दिवसांची मुदत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने आली. "पी" म्हणजे बाजारातून खरेदी, "एस" म्हणजे विक्री, "ए" म्हणजे कंपनीने बक्षीस दिलेले शेअर, "एम" म्हणजे हक्क वापरणे, "एफ" म्हणजे करापोटी कंपनीने ठेवून घेतलेले शेअर आणि "जी" म्हणजे भेट. "ए", "एम" आणि "एफ" या नोंदी पगारपत्रकाचाच भाग समजून पुढे जावे. थांबून वाचायची अक्षरे दोनच, "पी" आणि "एस".

"एस" वाचतानाही एक खूण तपासावी लागते. तिथे "नियम १० बी ५-१" अन्वये अधिकारी आधीच योजना आखून ठेवतो: अमुक तारखांना, अमुक भावाला, अमुक शेअर विकले जातील. पूर्वी या योजनेचा गैरवापर होई, कारण आज योजना करून थोड्याच दिवसांत विक्री करता येत असे. २०२३ पासून संचालक आणि अधिकाऱ्यांना योजना आखल्यावर किमान ९० दिवस थांबावे लागते आणि व्यवहार योजनेनुसार झाला असेल तर फॉर्मवरच्या चौकटीत तशी खूण करावी लागते. खूण असेल तर तो निर्णय काही महिन्यांपूर्वीचा आहे, आजच्या बातमीशी त्याचा संबंध जोडू नये. आपल्याकडेही ट्रेडिंग प्लॅनची सोय २०१५ पासून आहे, परंतु सहा महिन्यांच्या प्रतीक्षेमुळे ती फारशी कोणी वापरत नसे. २०२४ मध्ये सेबीने ती प्रतीक्षा १२० दिवसांवर आणली.

अमेरिकन सॉफ्टवेअर कंपन्यांत "पी" हे अक्षर क्वचितच दिसते. तिथल्या अधिकाऱ्याला शेअर फुकट मिळत असताना तो स्वतःच्या खिशातून का घेईल? म्हणूनच ते दिसले तर नोंद अवश्य उघडून वाचावी.

आबोली

आभारी आहे. अक्षरांचा हा तक्ता मी जपून ठेवते.

कुशावतीकाठ

एवढे सगळे वाचले. आतल्या माणसाने घेतले तर आपणही घ्यावे की नाही, हे कोणीतरी एका वाक्यात सांगावे.

पर्वरीकर (धागाकर्ता)

एका वाक्यात सांगता आले असते तर धागा काढला नसता. तरी प्रयत्न करतो: रोख पैसे देऊन, बाजारभावाने, निकालानंतर भाव पडलेला असताना, एकाहून अधिक जणांनी आणि आपल्या ऐपतीच्या मानाने मोठी खरेदी केली असेल, तर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला घ्यावा. शेअर घ्यावा असे मी म्हणत नाही.

हिशेबनीस_फोंडा

पर्वरीकरांनी "रोख पैसे देऊन, बाजारभावाने" असे म्हटले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहितो. निवेदनात व्यवहाराचा मार्ग लिहिलेला असतो: बाजारातील खरेदी, बाजाराबाहेरील हस्तांतर, प्रवर्तकांतील आपापसांतले हस्तांतर, प्रेफरेन्शियल अलॉटमेंट (निवडक व्यक्तींना दिलेले नवे शेअर), हक्कभाग (जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर), ईसॉप, भेट. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हे सगळे "खरेदी" किंवा "विक्री" या दोनच शब्दांत कोंबले जाते.

इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी मार्च २०२४ मध्ये १५ लाख शेअर आपल्या नातवाला भेट दिले. त्यामुळे त्यांचा वैयक्तिक वाटा ०.०४ टक्क्याने घटला आणि तेवढाच नातवाच्या नावावर आला. कंपनीच्या भवितव्याविषयी यात काहीही नाही. विप्रोचे अझीम प्रेमजी यांनीही आपल्या वाट्याचा फार मोठा भाग वर्षानुवर्षे परोपकारी निधीकडे वळवला आहे.

वॉरंटचा, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याच्या हक्काचा, प्रकार अधिक फसवा. प्रवर्तक स्वतःला वॉरंट देतो तेव्हा सुरुवातीला किमतीच्या केवळ २५ टक्के भरतो आणि उरलेले ७५ टक्के भरायला त्याला १८ महिने मिळतात. भाव वर गेला तर तो पैसे भरून शेअर घेतो, पडला तर २५ टक्के सोडून देतो. म्हणजे जाहीर झालेला "प्रवर्तकांचा विश्वास" हा त्या दिवशी पाव किमतीचाच असतो. लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत हा प्रकार भरपूर आहे. वॉरंट जाहीर झाल्याची बातमी ठळक येते आणि दीड वर्षाने ते सोडून दिल्याची ओळ कुठल्यातरी कोपऱ्यात असते.

आता बायबॅक, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेणे. इन्फोसिसने सप्टेंबर २०२५ मध्ये १,८०० रुपये दराने १८,००० कोटी रुपयांचा बायबॅक जाहीर केला आणि सुमारे १३ टक्के वाटा असलेल्या प्रवर्तकांनी त्यात भाग न घेण्याचे ठरवले. बाजारभावाहून बराच जास्त दर मिळत असताना त्यांनी शेअर दिले नाहीत, म्हणजे त्यांचा केवढा विश्वास, असे सगळीकडे लिहून आले. विश्वास असेलही. परंतु ऑक्टोबर २०२४ पासूनच्या त्या वेळच्या नियमानुसार बायबॅकची पूर्ण रक्कम लाभांश म्हणून भागधारकाच्या उत्पन्नात धरली जात होती, आणि सर्वांत वरच्या दरात मोडणाऱ्याला त्यावर ३५ टक्क्यांहून अधिक कर भरावा लागला असता. १,८०० रुपयांतून हा कर वजा करा आणि त्या वेळच्या साधारण १,५०० रुपये बाजारभावाशी ताडून पाहा. शेअर न देण्यामागे साधा हिशेबही होता असे दिसेल.

जुना_भागधारक (मडगाव)

हिशेबनीसबाब, बायबॅकच्या कराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मोठ्या विक्रीचीही दोन उदाहरणे जोडतो, ज्यांत कारण कंपनीच्या बाहेर होते.

मार्च २०२४ मध्ये टाटा सन्सने टीसीएसचे सुमारे २.३४ कोटी शेअर विकून ९,३०० कोटींच्या आसपास रक्कम उभी केली. हा कंपनीचा ०.६५ टक्का भाग. विक्रीच्या दिवशी शेअर पडला आणि "मालकच विकतो आहे" अशी चर्चा झाली. विकल्यानंतरही त्यांच्याकडे ७१ टक्क्यांहून अधिक वाटा राहिला होता आणि पैशांची गरज होती ती टाटा सन्सच्या स्वतःच्या ताळेबंदाला.

दुसरे उदाहरण माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीचे. २०१९ मध्ये व्ही. जी. सिद्धार्थ यांनी आपला २०.३२ टक्के वाटा ९८० रुपये दराने लार्सन अँड टुब्रोला विकला. ते सुरुवातीच्या काळापासूनचे गुंतवणूकदार होते, संचालकपदीही राहिले होते. त्यांच्या कॉफीच्या व्यवसायावर कर्जाचा डोंगर होता, ही गोष्ट सर्वश्रुत होती. त्याच वेळी माइंडट्रीच्या संस्थापकांनी या ताब्याला कडाडून विरोध केला. एकाच आठवड्यात, एकाच कंपनीत, एक आतला माणूस विकत होता आणि दुसरे काही केल्या सोडायला तयार नव्हते. अशा वेळी "आतल्यांचे मत" कोणते धरायचे?

वेर्णा_शिफ्ट

मला यात आणखी एक बाब महत्त्वाची वाटते: सॉफ्टवेअर कंपनीत आतल्या माणसाला नेमके काय अगोदर ठाऊक असते? कारखान्यात माल गोदामात साचला की कामगारालाही दिसते. आमच्याकडे तसे काही दिसत नाही. आमच्याकडची खरी माहिती म्हणजे मोठे कंत्राट मिळणार की नाही, जुना ग्राहक काम कमी करणार की काय, प्रकल्पाविना बसलेल्यांची संख्या किती आणि ग्राहकाकडून पैसे वेळेवर येत आहेत का. यातले पहिले सगळ्यांत स्फोटक. एका मोठ्या कंत्राटाने भाव एका दिवसात उसळू शकतो.

म्हणूनच सेबीची नजर कंत्राटांवर आहे. इन्फोसिसने जुलै २०२० मध्ये व्हॅन्गार्ड या अमेरिकन गुंतवणूक कंपनीबरोबरचा मोठा करार जाहीर केला. त्या कराराची माहिती भावावर परिणाम करणारी म्हणून आधीच वर्गीकृत करायला हवी होती, अशा आरोपावरून मुख्याधिकारी सलील पारेख यांच्यावर कारवाई सुरू झाली आणि आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी २०२४ मध्ये २५ लाख रुपये भरून ते प्रकरण मिटवले. त्यांनी स्वतः शेअरचा व्यवहार केला असा तो आरोप नव्हता, तर आतली यंत्रणा पुरेशी नव्हती असा होता. अशा करारावर काम करणाऱ्यांची नावे कंपनीला डिजिटल नोंदवहीत ठेवावी लागतात, आणि ज्याचे नाव त्यात चढले त्याला करार जाहीर होईपर्यंत शेअरला हात लावता येत नाही, ट्रेडिंग विंडो उघडी असली तरी.

गंमत अशी, की चांगली बातमी येऊ घातलेली असते तेव्हा आमचे वरिष्ठ खरेदी करूच शकत नाहीत. त्यामुळे भाव पडलेला असताना "आतले कोणी घेत कसे नाहीत" असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की ते कदाचित बांधलेले असतील.

पर्वरीकर (धागाकर्ता)

वेर्णा_शिफ्ट यांनी न घेण्याचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण शांततेचा अर्थ लावण्यात आपण सगळ्यांत जास्त चुकतो. ७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या आयातशुल्कांच्या धास्तीने बाजार कोसळला आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे शेअर तर खूपच पडले. त्या आठवड्यात एकाही संचालकाने खरेदी केली नाही, असे सांगून काहींनी त्यातून अविश्वासाचा निष्कर्ष काढला. विंडो १ एप्रिललाच बंद झालेली होती. वार्षिक निकालांना ६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी निकाल देणाऱ्या लहान कंपनीच्या संचालकाला एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने काहीच करता येत नाही. सेबीच्या यंत्रणेने आता त्यांचे पॅन क्रमांकच त्या शेअरपुरते गोठवलेले असतात. याउलट मार्च २०२० ची पडझड तिमाही संपण्याच्या आत झाली, विंडो उघडी होती, आणि तेव्हा अनेक कंपन्यांच्या प्रवर्तकांनी बाजारातून खरेदी केली. खरेदीची नोंद नसेल तर आधी दिनदर्शिका पाहावी.

खरेदीलाच जास्त वजन का द्यावे, यावर केवळ माझे मत पुरेसे नाही. जेंग, मेट्रिक आणि झेकहाउझर यांच्या २००३ च्या अभ्यासात अमेरिकेतील आतल्या लोकांच्या खरेदीला वर्षाकाठी बाजाराहून ६ टक्क्यांहून अधिक परतावा मिळाल्याचे दिसले, तर विक्रीतून लक्षणीय असे काही निघाले नाही. कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की यांनी २०१२ मध्ये एक पाऊल पुढे टाकून दरवर्षी त्याच महिन्यात व्यवहार करणारे लोक वेगळे काढले. अशा ठरलेल्या व्यवहारांतून काहीच कळत नाही आणि जे काही कळते ते एरवीच्या, सवयीबाहेरच्या व्यवहारांतून, असे त्यांना आढळले. विक्रीलाही हीच चाळणी लावता येते. दरवर्षी ऑगस्टमध्ये थोडे विकणाऱ्या अधिकाऱ्याकडे दुर्लक्ष करावे. परंतु दहा वर्षांत एकही शेअर न विकलेल्या माणसाने अर्धा वाटा एकदम विकला आणि पाठोपाठ वित्त अधिकाऱ्याने "वैयक्तिक कारणांसाठी" राजीनामा दिला, तर जुना_भागधारक यांची शंका माझीही आहे. येणे रकमेचे दिवस, म्हणजे ग्राहकांकडून पैसे यायला लागणारा काळ, वाढले आहेत का, हे अशा वेळी सर्वांत आधी पाहावे.

हे अमेरिकेतील निष्कर्ष आपल्या बाजाराला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे प्रवर्तकांचे वाटे फार मोठे असतात, तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांची मालकी बहुतेक विखुरलेली असते.

डिचोलीकर

आमच्या भागातले एक उदाहरण सॉफ्टवेअरचे नाही, तरी विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. जपानच्या मित्सुईने सेसा गोवामधील ५१ टक्के वाटा २००७ मध्ये वेदांताला विकला, तेव्हा डिचोली-सांखळीकडच्या कित्येक जुन्या भागधारकांना वाटले की मालकच गेला म्हणजे खनिजाचे दिवस संपले. पुढे काही काळ खनिजाचे भाव वाढतच गेले. आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या त्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे, ज्याची कल्पना २००७ मध्ये विकणाऱ्याला नव्हती आणि घेणाऱ्यालाही नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या जागी अमेरिकेचे व्हिसा धोरण ठेवून पाहा.

माझा प्रश्न मात्र घरगुती आहे. माझी सख्खी बहीण पुण्यातील एका नोंदलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वित्त विभागात आहे आणि तिचे नाव त्यांच्या ठराविक कर्मचाऱ्यांच्या यादीत आहे. मी त्या कंपनीचे शेअर स्वतःच्या पैशांनी घेतले तर चालेल का? आमचे कुटुंब एकत्र आहे.

हिशेबनीस_फोंडा

डिचोलीकर, नियमांत "जवळचा नातेवाईक" म्हणजे पती किंवा पत्नी, आणि आईवडील, भावंडे व मुले यांच्यापैकी जो आर्थिकदृष्ट्या त्या व्यक्तीवर अवलंबून आहे किंवा शेअरचे निर्णय तिच्याशी सल्लामसलत करून घेतो तो. तुम्ही स्वतः कमावता आणि बहिणीला न विचारता व्यवहार करता, तर या व्याख्येत बसत नाही. परंतु घर एकत्र, जेवणाचे टेबल एक, आणि निकालाच्या आदल्या आठवड्यात तुमची खरेदी, असे चित्र सेबीसमोर गेले तर माहिती तुम्हाला मिळालीच नाही हे पटवण्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो. सेबी कायद्याच्या कलम १५-जी खालील किमान दंड १० लाख रुपये आहे. कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते.

बहिणीला सांगून तिच्या कंपनी सेक्रेटरीकडे लेखी विचारणा करा. कंपनीची आचारसंहिता कायद्याहून कडक असू शकते आणि काही ठिकाणी घरातल्या सगळ्यांचे पॅन क्रमांक आधीच मागून घेतलेले असतात.

डिचोलीकर

तिला आजच कळवतो. तोपर्यंत त्या शेअरपासून लांब राहतो.